शिरगणती आणि वंशावळ : घराण्याच्या इतिहासासाठी जुन्या जनगणनेचा उपयोग

पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक स्वाध्याय देते. आपल्या घराण्याच्या चार पिढ्यांची माहिती गोळा करायची आणि ती कशावरून मिळाली, ते प्रत्येक विधानापुढे लिहायचे. बडोद्यातल्या मराठी मुलांना या स्वाध्यायाची गोडी लागते, कारण जवळजवळ प्रत्येक घरात ‘आम्ही इकडे कधी आलो’ याची एक गोष्ट असते. कोणी दमाजीरावांच्या फौजेबरोबर आलेले असतात, कोणी सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी. गोष्ट असते, कागद नसतो. मग विद्यार्थी विचारतात, “मॅडम, जुन्या जनगणनेत पणजोबांचे नाव कुठे बघायचे?”

या प्रश्नामागे परदेशातले उदाहरण असते. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे उलटली की जनगणनेची घरवार पाने लोकांना पाहायला मिळतात. १९२१ची पाने जानेवारी २०२२मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. तिथला माणूस पणजोबांचे नाव, वय, धंदा आणि घरातली सगळी माणसे एका पानावर पाहू शकतो. आपल्याकडे तसे पान मिळत नाही. तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘कुठेच नाही’ असे आहे.

पण तेवढ्यावर थांबलो तर एक मोठे साधन हातचे सोडल्यासारखे होते. वंशावळीत नावे असतात, पण त्या माणसांचे जगणे नसते. जनगणनेच्या अहवालात जगण्याचा तपशील असतो, पण नावे नसतात. ही दोन साधने शेजारी ठेवून वाचली, तर वंशावळीतून गळलेली माणसे, विशेषतः स्त्रिया, शोधण्याची वाट सापडते. ती कशी, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी शब्दांविषयी

जुनी मराठी कागदपत्रे चाळताना ‘जनगणना’ हा शब्द शोधू नये. पेशवाईतल्या कागदांत ‘खानेसुमारी’ येते. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी; म्हणजे मुळात ही घरांची गणती. इंग्रजी अमलात हाच शब्द काही काळ माणसांच्या मोजणीलाही चालला. पुढे ‘शिरगणती’ रूढ झाला. त्यात मोजायचे ते शिर, म्हणजे डोके. निजामाच्या राज्यातील उर्दू कागदांत ‘मर्दुमशुमारी’ आढळते, तर आमच्या बडोद्याच्या गुजराती दप्तरांत ‘वस्तीगणतरी’. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथल्या वाचकांनी आपापल्या दप्तराची भाषा ध्यानात घेऊनच सूची तपासावी. शब्द चुकला की कागद असूनही सापडत नाही.

नावे कुठे गेली?

मुंबई इलाख्यात १८७२मध्ये शिरगणती झाली होती. मात्र सबंध देशात एकाच वेळी झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ची. तेव्हापासून २०११पर्यंत दर दहा वर्षांनी हे काम चालत आले.

पद्धत थोडक्यात अशी होती. आधी घरांवर क्रमांक घातले जात. मोजणीदार हा बहुधा तलाठी, पटवारी, शाळामास्तर किंवा गावातला कोणी लिहिता-वाचता माणूस असे. तो ठरलेल्या दिवसाच्या आधी घरोघर जाऊन काळ्या शाईने कच्ची नोंद करी. मग शिरगणतीच्या रात्री पुन्हा फेरी मारून, दरम्यान कोणी जन्मले, मेले, पाहुणे आले किंवा परगावी गेले असेल तर लाल शाईने दुरुस्ती करी. १९०१च्या पत्रकात घरक्रमांक, अनुक्रमांक आणि नावापासून धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती, वय, जात, धंदा, जन्मस्थान, भाषा, साक्षरता, इंग्रजीचे ज्ञान आणि अपंगत्व यांपर्यंत रकाने होते. म्हणजे आपल्या पणजोबांचे नाव एकदा तरी या पत्रकावर निश्चित लिहिले गेले होते.

पुढे त्या पत्रकांवरून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी तयार होई. हजारो चिठ्ठ्या खणाखणांत वाटून, मोजून तक्ते बनत. सरकारला हवे होते ते तक्ते. ते छापून झाले की पत्रके आणि चिठ्ठ्या यांचे काम संपले, आणि त्या सरसकट नष्ट केल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांना १९४८च्या जनगणना कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे. त्यातली व्यक्तीची नोंद पाहण्याचा हक्क कोणाला नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. १९५१च्या मोजणीबरोबर गावोगाव नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली होती आणि तीत घरवार नावे होती. पण आसाम वगळता घराण्याच्या शोधात ती सहसा हाती लागत नाही.

मोजणीदारांना दिलेल्या सूचनांमधली एक सूचना मी वर्गात नेहमी वाचून दाखवते. घरातल्या बायकांची नावे सांगायला कोणी हरकत घेतली तर आग्रह धरू नये, नावाच्या रकान्यात नुसते ‘स्त्री’ असे लिहावे. म्हणजे पत्रके जपली गेली असती तरी कित्येक पणज्यांची नावे मिळाली नसतीच. त्यांचे वय, जन्मगाव, भाषा, वैधव्य हे सगळे नोंदले जाई. नाव तेवढे वगळले जाई.

अहवालात मिळते काय?

छापील अहवालाचे साधारणपणे दोन भाग असतात : वर्णनात्मक अहवाल आणि तक्ते. घराण्याच्या अभ्यासकाला दोन्ही लागतात. तक्त्यांपैकी चार विशेष उपयोगी आहेत.

पहिला जन्मस्थानाचा. एखाद्या प्रदेशात मोजलेल्या माणसांपैकी कितीजण बाहेर जन्मलेले आणि कुठे जन्मलेले, हे यात स्त्री-पुरुष वेगवेगळे दिलेले असते. रत्नागिरी, पुणे, सातारा या बाजूंनी आलेल्यांची संख्या दशकादशकाला कशी बदलली हे पाहिले, की ‘आम्ही कधी आलो’ या गोष्टीला संदर्भ मिळतो. स्त्रिया आणि पुरुष यांचे प्रमाणही बोलके असते. पुरुषच जास्त असतील तर माणसे नोकरीला येऊन राहिली होती, बिऱ्हाड मागे होते. स्त्रियांची संख्या वाढली की बिऱ्हाडे हलली, असा कयास बांधता येतो.

दुसरा वय आणि वैवाहिक स्थितीचा. अविवाहित, विवाहित, विधुर-विधवा अशी विभागणी ०-५, ५-१०, १०-१५ अशा वयोगटांत दिलेली असते. पाच ते दहा या गटातल्या विधवांचा आकडा प्रथम पाहिल्यावर विद्यार्थी काही वेळ बोलत नाहीत. बडोदे संस्थानात बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९०४मध्ये झाला. त्याच्या आधीचा व नंतरचा तक्ता शेजारी ठेवून पाहावा.

तिसरा भाषेचा आणि चौथा साक्षरतेचा. पणजोबा मोडी लिहीत, पणजी निरक्षर, आजी मराठी चौथी शिकलेली, असे घरात ऐकलेले असते. आपल्या समाजगटात त्या काळी स्त्रियांचे शिकणे किती विरळ होते, हे साक्षरतेच्या तक्त्यावरून कळते आणि आजीची चौथी इयत्ता केवढी मोठी होती हे उमगते. बडोद्यात १९०६पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, हे त्यासोबत लक्षात ठेवावे.

लोकसंख्येचे साधे आकडेही पुष्कळ सांगतात. १८९१मध्ये बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१मध्ये ती १९,५२,६९२ झाली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी. मधे १८९९-१९००चा, म्हणजे संवत १९५६चा, छपन्नचा दुष्काळ होऊन गेला होता. बडोदे शहरात १८९१ला १,१६,४२० माणसे होती, १९०१ला १,०३,७९० आणि १९११ला ९९,३४५. शहराची ही घट दुष्काळाच्या दशकानंतरही चालू राहिली. ‘छपन्नला घर बसले’, ‘प्लेगात वाडा ओस पडला’ अशी वाक्ये आपण घरी ऐकतो. अशा वाक्यामागे किती मोठी पडझड होती, ते या आकड्यांवरून कळते.

आकडे वाचताना

आकडा छापला आहे म्हणून तो खरा, असे समजू नये. चार गोष्टी सांभाळाव्या.

पहिली, वय. फार थोड्यांना आपले नेमके वय ठाऊक असे. म्हणून सांगितलेली वये शून्यावर आणि पाचावर येऊन थांबत. तीस, चाळीस, साठ वर्षांची माणसे तक्त्यात अवाच्या सवा दिसतात. एकतीस, एकोणचाळीस, एकसष्ट वर्षांची फारच थोडी. शिरगणतीच्या अधिकाऱ्यांनीच हा दोष आपल्या अहवालांत वारंवार चर्चिला आहे. हा केवळ तक्त्याचा दोष नाही, त्या काळच्या माणसाची वय सांगण्याची रीतच ती होती. त्यामुळे इतर कागदांतले वयही याच सावधगिरीने वाचायला हवे.

दुसरी, प्रश्नाची शब्दयोजना. १९०१मध्ये ‘नेहमीच्या वापरातली भाषा’ विचारली होती. १९३१मध्ये मातृभाषा आणि शिवाय जोडभाषा विचारली. घरात मराठी, बाजारात गुजराती किंवा कन्नड बोलणाऱ्या माणसाने या दोन प्रश्नांना एकच उत्तर दिले असेल असे नाही. दोन जनगणनांतली मराठी भाषकांची संख्या ताडून पाहण्याआधी प्रश्न तोच होता का, हे पाहावे. आपल्या अकादमीच्या वाचकांनी तर हे विसरूच नये.

तिसरी, धंदा. घरात पापड लाटून, शिवण करून, पोळ्या करायला जाऊन संसाराला हातभार लावणाऱ्या बाईची नोंद पुष्कळदा ‘अवलंबून’ म्हणूनच होई. तक्त्यातली कमावत्या स्त्रियांची संख्या ही किमान समजावी.

चौथी, वर्षाचे वैशिष्ट्य. १९३१च्या मोजणीवर कायदेभंगाच्या काळातल्या बहिष्काराची छाया होती. १९४१ची मोजणी युद्धकाळात झाल्याने तिचे तक्ते त्रोटक आहेत. जातवार तपशीलवार तक्ते शेवटचे मिळतात ते १९३१चे.

कोणता खंड उघडावा?

गाव आज ज्या राज्यात आहे त्या राज्याचा खंड मागवण्याची चूक सर्रास होते. गाव त्या वर्षी कोणत्या राज्यात होते, हे पाहावे. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६पूर्वी मुंबईकडे होते. म्हणून १९५१पर्यंतची माहिती मुंबईच्या खंडांत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड यांची हैदराबाद संस्थानाच्या खंडांत. इंदूरसाठी मध्य भारत एजन्सीचे खंड पाहावे. ग्वाल्हेर संस्थानाचे स्वतंत्र खंडही निघाले आहेत. गोव्याची मोजणी पोर्तुगीज सरकार करी, तेव्हा ती ब्रिटिश भारताच्या खंडांत शोधू नये.

बडोदे संस्थानाचे खंड स्वतंत्र आहेत. १९११चा अहवाल गोविंदभाई हाथीभाई देसाई यांचा, १९२१ आणि १९३१चे सत्यव्रत मुकर्जी यांचे. त्यांतला वर्णनाचा भाग समाजजीवनाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. मात्र संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. छपन्नच्या दुष्काळाची झळ नवसारीला कडीइतकी बसली नाही. म्हणून संस्थानाच्या एकूण आकड्यावरून आपल्या गावाचा निष्कर्ष काढू नये, प्रांताचा तक्ता पाहावा. १९५१पासून जिल्हावार पुस्तिका निघू लागल्या. त्यांत गावनिहाय आकडे मिळतात. जुन्या अहवालांपैकी पुष्कळसे आता महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात.

नावांसाठी जोड-साधने

जनगणनेतून काळ आणि परिस्थिती कळली, की नावांसाठी दुसरीकडे जायचे. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, जन्मगाव, पालकाचे नाव मिळते. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या वह्या आहेत. जमीन असेल तर फेरफार आणि वारसनोंदी आहेत, नोकरी असेल तर सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतनाचे कागद. घरातली जन्मपत्रिका रद्दीत टाकू नये. वयाच्या बाबतीत तिच्याइतका चोख कागद दुसरा नाही.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे आपले खास साधन. तिथे गाव आणि आडनाव सांगितले की पूर्वजांनी स्वतःच्या हाताने, बहुधा मोडीत, लिहिलेली नोंद समोर येते. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचा उच्चार करावा लागतो, त्यामुळे वंशावळीत नसलेली स्त्रियांची नावे इथे येतात.

एक शोध

या सगळ्याचा उपयोग कसा होतो, ते माझ्याच घरच्या उदाहरणाने सांगते.

आमच्या घरी आजोबांच्या चुलतभावाने केलेली सात पिढ्यांची वंशावळ आहे. तीत एकही स्त्री नाही. माझ्या वडिलांना एक आत्या होती. लहानपणीच विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि आमच्या रावपुऱ्यातल्या घरात तिने जन्म काढला. सगळे तिला माईआत्या म्हणत. तिचे खरे नाव काय, हे वडिलांना विचारायचे राहून गेले, आणि ते गेल्यावर सांगणारे कोणी उरले नाही.

माझ्याजवळ दोन धागे होते. आजोबांची पत्रिका होती, त्यांचा जन्म १९००चा. ‘माई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी’ असे ते म्हणत, म्हणजे तिचा जन्म १८९२च्या सुमारास. आणि ‘साठीची होऊन गेली’ हे एका काकांचे वाक्य. मी हिशेब केला आणि नगरपालिकेच्या मृत्यूच्या वह्यांत १९५० ते १९५४ ही पाच वर्षे आमच्या आडनावाखाली पाहिली. काही मिळाले नाही. शोध सोडून दिला.

पुढे वर्गासाठी १९११चे तक्ते काढत असताना पंधरा ते वीस या गटातल्या विधवांचा आकडा समोर आला. माईआत्या त्या वर्षी एकोणीस वर्षांची असणार. त्या आकड्यातली एक ती होती, हे मनात आले आणि माझ्या चुका लक्षात आल्या. ‘साठ’ हा आकडा मी खरा धरून बसले होते. ज्या तक्त्यांबद्दल मी विद्यार्थ्यांना बजावत होते, त्यांतलाच तो शून्याचा आकडा होता. पन्नाशी ओलांडलेल्या, केस पिकलेल्या विधवेला घरचे लोक ‘साठीची’ सहज म्हणत. दुसरी चूक आडनावाची. ती जन्मभर आमच्या घरी राहिली म्हणून मी तिला आमच्या आडनावाखाली शोधत होते. कागदाच्या हिशेबी ती सासरचीच होती.

या वेळी मी १९४० ते १९५५ अशी वर्षे घेतली आणि आडनाव सोडून पत्ता पाहत गेले. गुजरातीत लिहिलेल्या १९४७च्या वहीत आमच्या वाड्याचा पत्ता सापडला. ‘विधवा, वय ६०’. खरे वय पंचावन्नच्या आसपास असावे. आडनाव वेगळेच होते. ते आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेले मी ऐकले नव्हते. नाव होते. एका कागदावर भिस्त ठेवायची नाही म्हणून नाशिकच्या उपाध्यायांकडे गेले. आजोबांनी पुढल्या वर्षी तिथे केलेल्या नोंदीत, आपल्या आईच्या नावाखाली, ‘भगिनी’ म्हणून तेच नाव लिहिलेले होते.

मुलगी किती दिवस सासरी राहिली असेल? कदाचित एकही नाही. तरी मृत्यूच्या वहीत ती त्याच घराची. आमच्या वंशावळीत ती नव्हती आणि त्या घराच्या वंशावळीतही असण्याची शक्यता कमीच. १९११च्या शिरगणतीने मात्र तिला मोजले होते. आता आमच्या वंशावळीत आजोबांच्या शेजारी तिचे नाव आहे.

वर्गासाठी

शिक्षकांनी हा अभ्यास चार टप्प्यांत करून घ्यावा. पहिल्या टप्प्यात घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट जशी ऐकली तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. दुसऱ्या टप्प्यात त्या गोष्टीतले साल, गाव, वय यांखाली रेघ मारून त्या काळचा योग्य खंड शोधावा. तिसऱ्या टप्प्यात दोन लागोपाठच्या जनगणनांतला एकच तक्ता ताडून पाहावा आणि गोष्ट त्याच्याशी जुळते का, ते लिहावे. चौथ्या टप्प्यात नावासाठी किमान दोन वेगळे कागद पाहावे. गोष्ट आणि आकडा जुळले नाहीत तर गोष्ट खोटी ठरवण्याची घाई करू नये. पूर्वजांनी ती तशी का सांगितली असेल, हाही अभ्यासाचाच विषय आहे.

एक अट मात्र मी कायम ठेवते. प्रत्येक पिढीत जितके पुरुष लिहाल तितक्या स्त्रियांसाठी जागा सोडा. नाव मिळाले नाही तर ती जागा कोरी ठेवा, पण ठेवा. जागाच नसेल तर पुढे नाव सापडले तरी ते लिहायचे कुठे, हा प्रश्न उरतो.